३२ केबीची टाकी : प्रोग्रॅम वेगवान हवा की लहान?



गेल्या मार्चमधली ती सकाळ लेडीज हॉस्टेलच्या बी विंगमधली एकही मुलगी विसरली नसेल. पहाटेपासून ए विंगची टाकी वाहत होती, गच्चीवरून पाणी भिंतींवर उतरलं होतं, आणि बी विंगच्या नळाला मात्र थेंब नव्हता. मेसचा चहासुद्धा उशिरा झाला. आपण सगळ्याजणी बादल्या घेऊन जिन्यात उभ्या होतो आणि सगळ्यांनी मिळून एकाच माणसाला नावं ठेवली, पंपवाल्या मामांना. "झोपले असणार मामा" हे वाक्य मी माझ्या कानांनी दोनदा ऐकलं आणि गप्प बसले.

मामा झोपले होते हे खरं आहे. पण ते माझ्या भरवशावर झोपले होते. चूक त्यांची नव्हती, माझ्या प्रोग्रॅमची होती. ती चूक शोधताना मला असा एक धडा मिळाला, जो कंपायलरच्या तासाला समोर असूनही कळला नव्हता. तो धडा म्हणजे हा लेख. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी लिहायची सवय कमी. चूकभूल द्यावी घ्यावी.

प्रोजेक्ट काय होता?

आपल्या हॉस्टेलला पाणी पहाटे येतं. ते खालच्या टाकीत जमा होतं. तिथून पंपाने आधी ए विंगची टाकी भरायची, ती भरली की व्हॉल्व्ह फिरवून बी विंगची. यासाठी मामा रोज पहाटे उठून गच्चीवर टॉर्च घेऊन जातात. आम्ही तिघींनी मिनी प्रोजेक्टसाठी ठरवलं की टाकीच्या झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावायचा, पाण्याची पातळी मोजायची, टाकी भरली की रिलेने पंप बंद करायचा आणि मामांना एसेमेस पाठवायचा. मामांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून एसेमेस मराठीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध आहे.

मेंदू म्हणून आर्डुइनो उनो हा बोर्ड घेतला. आर्डुइनोची सुरुवात २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावात झाली आणि आज बहुतेक कॉलेजांत पहिला प्रोजेक्ट यावरच होतो. त्यातल्या अ‍ॅटमेगा ३२८पी या चिपची मिळकत अशी : प्रोग्रॅम साठवायला ३२ केबी फ्लॅश मेमरी, चालताना लागणारी रॅम फक्त २ केबी, आणि घड्याळ १६ मेगाहर्ट्झ. फ्लॅशमधले ५१२ बाइट बूटलोडर घेतो, म्हणजे आपल्या हातात ३२,२५६ बाइट राहतात. तुमच्या मोबाइलमधला एक फोटो यात मावणार नाही.

वेगाची हौस

प्रोग्रॅम लिहून झाला. कंपाइल केल्यावर सुमारे २५ केबी भरला. मावला होता. पण मला कुठून तरी कळलं होतं की जीसीसी कंपायलरला ऑप्टिमायझेशनचे पर्याय देता येतात. -ओ० म्हणजे काहीच सुधारणा नाही, -ओ१, -ओ२, -ओ३ म्हणजे चढत्या क्रमाने जास्त मेहनत. आणि आर्डुइनो मात्र मुळातच -ओएस वापरतो. यातला एस म्हणजे साइझ, प्रोग्रॅम लहान ठेव असा हुकूम. मला वाटलं, हे म्हणजे स्कूटरला कायम दुसऱ्या गिअरमध्ये चालवणं. मी सेटिंगच्या फाइलमध्ये जाऊन -ओएस काढलं आणि -ओ३ घातलं.

प्रोग्रॅम ३३ केबीच्या वर गेला. बोर्डाने घ्यायला नकार दिला.

आता शहाणी मुलगी मागे फिरली असती. मी जागा करायला निघाले. सेन्सरचं वाचन वेडंवाकडं आलं तर ते ओळखणारा भाग काढला. पंप ठरावीक वेळेपेक्षा जास्त चालला तर बंद करणारा भाग काढला. वॉचडॉगसुद्धा काढला. वॉचडॉग हा चिपमधला एक टायमर असतो. प्रोग्रॅमने त्याला ठरावीक वेळात "मी जिवंत आहे" असं कळवायचं, नाही कळवलं तर तो चिप रीसेट करतो. त्याच्या ओळींनी जेमतेम काही डझन बाइट वाचले असतील, पण त्या रात्री मला प्रत्येक बाइट शत्रू वाटत होता. शेवटी प्रोग्रॅम मावला. मी -ओ३ वर चालणारा प्रोग्रॅम केला म्हणून रूममेटला मॅगी खाऊ घातली.

पण -ओ३ ने प्रोग्रॅम फुगतो का? दोन कारणं सांगते.

पहिलं कारण इनलायनिंग. पाककृतीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, "फोडणी पान ३ प्रमाणे". प्रत्येक वेळी पान ३ उघडायचं, वाचायचं, परत आपल्या पानावर यायचं. फंक्शन कॉल म्हणजे हेच. त्याऐवजी प्रत्येक भाजीखाली पूर्ण फोडणी छापली तर पानं उलटावी लागत नाहीत, पण पुस्तक जाडजूड होतं. कंपायलर फंक्शनचा मजकूर उचलून कॉलच्या जागी चिकटवतो, त्याला इनलायनिंग म्हणतात. फंक्शन अगदीच छोटं असेल, म्हणजे फोडणी "मोहरी टाका" एवढीच असेल, तर "पान ३ पाहा" लिहिण्यापेक्षा तेच लिहिणं लहान पडतं. तेव्हा इनलायनिंगने आकारही कमी होतो. पण मोठं फंक्शन दहा ठिकाणी चिकटवलं की झालंच.

दुसरं कारण लूप उलगडणं. आजी जपमाळ ओढते तेव्हा प्रत्येक मण्याला मेरुमणी आला का हे बोटाला बघावं लागतं. समजा तिने ठरवलं की चार मणी एकदम ओढायचे आणि मग बघायचं, तर बघण्याचे कष्ट पाव झाले. कंपायलरही लूपचा मजकूर चार वेळा लिहून काढतो आणि अट चार फेऱ्यांतून एकदाच तपासतो. वेळ वाचतो, मजकूर वाढतो.

त्या पहाटे काय झालं

बोर्ड बसवला. दोन दिवस छान चालला. खरं तर परवानगी फक्त सेन्सर आणि डिस्प्लेची होती. रिले आम्ही मामांना सांगून जोडली, रेक्टर मॅडमना नाही. मामा म्हणाले, "ताई, एसेमेस आला की मी उठतो आणि व्हॉल्व्ह फिरवतो." तिसऱ्या दिवशी एसेमेस आला नाही आणि पंपही थांबला नाही. प्रोग्रॅम मध्येच गोठला होता. डिस्प्लेवर "७८ टक्के" असं दिसत होतं आणि मागे टाकी वाहत होती.

रेक्टर मॅडम मामांना सगळ्यांसमोर बोलल्या. मामांनी आमच्या डब्याचं नावही काढलं नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "तुमचे मार्क गेले असते ना." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुपारी बोर्ड आणि लॅपटॉप घेऊन मी मायक्रोकंट्रोलर लॅबच्या मॅडमकडे गेले. त्यांनी प्रोग्रॅम बघितला आणि विचारलं,

"टाकी भरायला किती वेळ लागतो?"

"सव्वा तास, मॅडम."

"आणि तू पातळी किती वेळाने मोजतेस?"

"दर दोन सेकंदांनी."

"मधल्या वेळात प्रोसेसर काय करतो?"

"वाट बघतो."

"म्हणजे तू वाट बघण्याचा वेग वाढवलास!"

दोन सेकंदांत १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे ३ कोटी २० लाख ठोके पडतात. माझ्या कामाला त्यातला किरकोळ भाग लागत होता. वेगाची गरजच नव्हती. मग मॅडमनी कंपाइल केल्यावर खाली आलेली एक ओळ दाखवली, जी मी रोज बघत होते आणि रोज सोडून देत होते. त्यात लिहिलं होतं की मेमरी कमी शिल्लक आहे, स्थिरतेचे प्रश्न येऊ शकतात. एरर नव्हती, नुसती वॉर्निंग. आणि आपल्याकडे वॉर्निंग कोण वाचतं?

'आकार' म्हणजे नक्की कुठला आकार?

इथे मला पहिल्यांदा कळलं की प्रोग्रॅमचा आकार ही एक गोष्ट नसून निदान तीन गोष्टी आहेत. 'साइझ' नावाची छोटी कमांड प्रोग्रॅमवर चालवली की ती तीन रकाने दाखवते : टेक्स्ट, डेटा आणि बीएसएस. टेक्स्ट म्हणजे सूचना, त्या फ्लॅशमध्ये राहतात. डेटा म्हणजे सुरुवातीची किंमत दिलेली व्हेरिएबल्स. त्यांची किंमत फ्लॅशमध्ये साठवावी लागते आणि चालताना त्यांना रॅमही लागते, म्हणजे दोन्हीकडे भाडं. बीएसएस म्हणजे किंमत न दिलेली किंवा शून्य असलेली व्हेरिएबल्स. त्यांना फक्त रॅम लागते, फाइलमध्ये "एवढी जागा ठेवा" अशी नोंद पुरते.

हे खोटं वाटत असेल तर लॅपटॉपवर करून बघा. सी मध्ये १० लाख इंटिजरचा एक ग्लोबल अ‍ॅरे घ्या, किंमत देऊ नका. कंपाइल करून फाइलचा आकार बघा. आता त्याच अ‍ॅरेच्या पहिल्या घरात १ ठेवा, म्हणजे महिरपी कंसात १ लिहा, आणि पुन्हा कंपाइल करा. फाइल एकदम ४० लाख बाइटनी, म्हणजे सुमारे ४ एमबीने वाढते. रॅम दोन्हीकडे तेवढीच राखून ठेवावी लागते. म्हणजे फाइल लहान म्हणून मेमरी कमी लागेल असं नाही.

उलटंही खरं आहे. -जी पर्याय देऊन डीबगिंगची माहिती भरली की फाइल फुगते, पण प्रोग्रॅम नेहमीसारखा चालवताना ती माहिती वापरली जात नाही, त्यामुळे वेग तोच राहतो. स्ट्रिप कमांडने ती काढली की फाइल बारीक होते आणि प्रोग्रॅम एका सेकंदानेही वेगवान होत नाही. तिसरं उदाहरण : लिनक्सवर "हॅलो वर्ल्ड" नेहमीसारखा कंपाइल केला तर सुमारे १६ केबीची फाइल होते. तोच स्टॅटिक लिंक केला, म्हणजे लायब्ररीचा लागणारा भाग पोटात घेतला, तर ८०० केबीच्या आसपास जातो. पहिली फाइल हलकी, पण दुसऱ्या मशीनवर योग्य लायब्ररी नसेल तर चालणार नाही. दुसरी जड, पण आपला डबा बरोबर घेऊन फिरणारी. मेसवर अवलंबून राहायचं की डबा न्यायचा, एवढाच प्रश्न.

आता माझा गुन्हा कुठे होता ते बघू. देवनागरी एसेमेस यूसीएस-२ या पद्धतीने जातो. म्हणून इंग्रजीत १६० अक्षरं मावतात, तिथे मराठीत ७०. जीएसएम मॉड्यूलला प्रत्येक अक्षराचा सांकेतिक क्रमांक चार हेक्स आकड्यांत द्यावा लागतो, आणि मात्रा वेगळी मोजली जाते. 'टाकी' या शब्दात ट, काना, क आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे १६ आकडे, १६ बाइट. माझे आठ निरोप होते, प्रत्येकी सरासरी ४५ चिन्हं. एक निरोप १८० बाइटांचा, शेवटचा शून्य धरून १८१. आठांचे १,४४८ बाइट. आणि उनोवर साधी स्ट्रिंग लिहिली की ती चालू होतानाच फ्लॅशमधून रॅममध्ये कॉपी होते. एकूण रॅम २,०४८. बाकीचे बफर वगैरे धरून जेमतेम ३०० बाइट मोकळे राहत होते. एसेमेस पाठवताना मी तो निरोप दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये जोडत होते, त्याला आणखी जागा. वरून स्टॅक खाली येतो, खालून हीप वर जातो, आणि ३०० बाइटांच्या बोळात दोघं एकमेकांवर आदळतात. पीसीवर ऑपरेटिंग सिस्टिम निदान प्रोग्रॅम बंद पाडून ओरडते. इथे ओरडणारं कुणी नाही. प्रोग्रॅम गप्प बसतो आणि पंप चालू राहतो.

म्हणजे मी फ्लॅशच्या ३२ केबीसाठी भांडत बसले, आणि खरी तंगी होती २ केबीच्या रॅमची.

आजोबांची औटकी

आमचे आजोबा शेतीच्या मालाचा हिशोब तोंडी करायचे. मला "टू टूज आर फोर" येत होतं. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे सगळे पाढे पाठ होते. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीन सत्ते किती, हे मी कागदावर गुणून सांगेपर्यंत ते "साडेचोवीस" म्हणून मोकळे. त्यांनी लहानपणी डोक्यातली जागा खर्च केली आणि आयुष्यभर वेळ वाचवला. बारावीत आपण वापरलेलं लॉग टेबलाचं पुस्तकही तेच. कुणीतरी आधीच हिशोब करून पानं भरून ठेवली, आपण फक्त रकाना बघायचा.

प्रोग्रॅमिंगमध्ये याला लुकअप टेबल म्हणतात. डेटा बरोबर पोचला का हे तपासण्यासाठी सीआरसी काढतात. सीआरसी-३२ बिट-बिट करून काढली तर काही ओळींत भागतं, पण प्रत्येक बाइटमागे आठ फेऱ्या. २५६ घरांचं टेबल ठेवलं तर प्रत्येक बाइटमागे एकदाच बघायचं, पण टेबलाला १,०२४ बाइट. लॅपटॉपवर १ केबीचं कुणाला काय? उनोच्या रॅममध्ये मात्र ती अर्धी मालमत्ता. म्हणून टेबल चांगलं की हिशोब चांगला, याचं उत्तर मशीन बघितल्याशिवाय देता येत नाही.

ठ चा घोळ

मी दुरुस्ती सुरू केली. पहिलं काम, -ओएस परत आणलं. दुसरं, निरोप रॅममध्ये न आणता फ्लॅशमध्येच ठेवून एकेक अक्षर वाचायचं. आर्डुइनोत त्यासाठी प्रोगमेम नावाची सोय आहे. तिसरं, निरोप आवळायचे. देवनागरीचा पूर्ण विभाग यूनिकोडमध्ये ०९०० ते ०९७एफ असा आहे, म्हणजे १२८ जागा. प्रत्येकाची सुरुवात ०९ च. मग ते ०९ दर वेळी कशाला साठवायचं? फक्त शेवटचा बाइट ठेवायचा आणि पाठवताना पुढे ०९ जोडायचं. चाराचा एक बाइट झाला!

मी खूश होऊन मामांना पहिला एसेमेस पाठवला. मामा मोबाइल घेऊन आले. "ताई, हे काय?" स्क्रीनवर होतं : "टाकीठभरलीम".

कारण मोकळ्या जागेचा क्रमांक ००२० आणि 'ठ' चा ०९२०. पूर्णविरामाचा ००२ई आणि 'म' चा ०९२ई. सरसकट ०९ जोडल्यावर जागेचा ठ झाला आणि पूर्णविरामाचा म. उपायही सोपा निघाला. देवनागरीची चिन्हं १२८ आणि साधी इंग्रजी चिन्हंही १२८. एका बाइटात २५६ किमती मावतात. म्हणून वरचा बिट १ असेल तर ०९ जोडायचं, ० असेल तर ००. आठ निरोप आता ३६८ बाइटांत बसले, तेही फ्लॅशमध्ये, आणि ते उलगडणारं फंक्शन शंभर-दीडशे बाइटांचं.

यात वेळ जातो ना? जातो. पण किती ते मोजू. एका चिन्हाला १०० ठोके धरले तरी ४५ चिन्हांना ४,५०० ठोके, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही तिसरा हिस्सा नाही. जीएसएम मॉड्यूलशी आपण ९,६०० बॉडने बोलतो, सेकंदाला ९६० अक्षरं. १८० आकडे पाठवायलाच जवळजवळ पाव सेकंदाचा पाऊण भाग लागतो. उलगडण्याचा वेळ त्यात कुठे हरवला ते कळतही नाही.

आणि काही दुरुस्त्यांत तर दोन्हीकडे फायदा झाला. सेन्सरच्या प्रतिध्वनीच्या वेळेवरून अंतर काढायला मी दशांश अपूर्णांक वापरले होते. या चिपमध्ये अपूर्णांकांचं हार्डवेअर नाही, सगळं सॉफ्टवेअरने करावं लागतं. त्याऐवजी मायक्रोसेकंदांना ५८ ने पूर्णांकात भागलं की सेंटिमीटर मिळतात. प्रोग्रॅम लहानही झाला आणि वेगवानही. तसंच ही चिप ८ बिटची आहे. जिथे किंमत २५५ च्या वर जाणार नाही तिथे इंटिजरऐवजी बाइट घेतला की जागा आणि वेळ दोन्ही वाचतात. म्हणजे दर वेळी एक मिळवायला दुसरं द्यावंच लागतं असं नाही. आधी फुकटात वाचतंय ते वाचवा, मग सौदा करा.

मोठ्या मशीनवरही ३२ केबी

तुम्ही म्हणाल, हे सगळं खेळण्यातल्या चिपचं. लॅपटॉपवर १६ जीबी रॅम असताना कोण बाइट मोजतं? मीही हेच म्हणाले होते. मॅडमनी सांगितलं की अनेक इंटेल आणि एएमडी प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोरपाशी सूचना ठेवणारी सगळ्यात जवळची कॅश मेमरी किती असते ते बघ. बघितलं. ३२ केबी! आमच्या टाकीएवढीच.

कॅशमधली गोष्ट चार-पाच ठोक्यांत मिळते, मुख्य रॅममधून आणायची तर दोनशेच्या आसपास. टेबलावरची वही आणि लायब्ररीतलं पुस्तक यात जो फरक तोच. वेगासाठी लूप उलगडत गेलो, इनलाइन करत गेलो, आणि मुख्य लूप कॅशमध्ये मावेनासा झाला, तर तोच प्रोग्रॅम हळू होतो. म्हणून -ओ३ नेहमीच -ओ२ पेक्षा वेगवान असेल असं नाही. कधी जिंकतो, विशेषतः मोठ्या अ‍ॅरेवरच्या गणितात. कधी बरोबरी, कधी हार. लिनक्सचा कर्नल बनवतानासुद्धा कामगिरीसाठी कंपाइल करायचं की आकारासाठी, असा पर्याय विचारला जातो.

हा प्रश्न जुनाच आहे. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ साठी फोरट्रान कंपायलर दिला, तेव्हा लोकांची शंका हीच होती की यंत्राने लिहिलेला कोड हाताने लिहिलेल्याची बरोबरी करेल का. त्याच वर्षी फ्रान्सिस अ‍ॅलन आयबीएममध्ये रुजू झाल्या. खरं तर त्यांना गणिताची शिक्षिका व्हायचं होतं, शिक्षणाचं कर्ज फेडायला नोकरी धरली होती. कंपायलर ऑप्टिमायझेशनच्या कामासाठी त्यांना २००६ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. एज्युकेशन लोनवाल्यांनी नोंद घ्यावी!

१९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलोच्या कॉम्प्युटरमध्ये कायमची मेमरी ३६,८६४ शब्दांची होती, आजच्या भाषेत सुमारे ७२ केबी, आणि पुसता येणारी २,०४८ शब्दांची. तिथे प्रोग्रॅम तारांमध्ये विणलेला असे, त्यामुळे "मागाहून अपडेट देऊ" ही सोयच नव्हती. आणि १९८३ साली आलेल्या टर्बो पास्कलमध्ये एडिटर आणि कंपायलर एकाच फाइलमध्ये होते. त्याच्या ३.०२ आवृत्तीची ती फाइल ४० हजार बाइटच्याही आत. त्याने बनवलेला कोड फार चलाख नसे, पण कंपाइल झटक्यात व्हायचं. म्हणजे तिसरा एक वेग असतो, लिहिणाऱ्याच्या कामाचा. -ओ० आजही त्यासाठीच टिकून आहे. डीबग करताना कंपायलरची हुशारी अंगावर येते.

मग निवडायचं कसं?

माझ्यापुरते मी पाच नियम केले आहेत. वायव्हाला उपयोगी पडतील.

१) आधी विचारा, तंगी कशाची आहे? वेळेची, फ्लॅशची, रॅमची की आपल्या स्वतःच्या तासांची? ज्याची तंगी नाही ते वाचवू नका.

२) अंदाज करू नका, मोजा. 'साइझ' कमांडला एक सेकंद लागतो. वेळ मोजायला लिनक्सवर 'टाइम' आहे.

३) लॅपटॉपवर -ओ२ ने सुरुवात करा. -ओ३ मोजून फायदा दिसला तरच. लहान चिपवर -ओएस. फक्त एखादंच फंक्शन वेगाला अडत असेल तर तेवढंच वेगळं हाताळा.

४) जागा कमी पडली तर सुरक्षेचा भाग सगळ्यात शेवटी काढा. खरं तर काढूच नका.

५) वॉर्निंग वाचा. एरर तुम्हाला अडवते, वॉर्निंग तुम्हाला जाऊ देते. म्हणून वॉर्निंग जास्त धोकादायक.

दुरुस्त प्रोग्रॅम आज २० केबीच्या आत आहे, रॅम निम्म्याहून जास्त मोकळी आहे, आणि वॉचडॉग ८ सेकंदांवर लावलाय. चिप गोठली तर ती रीसेट होते आणि रिले सुटून पंप बंद पडतो. मी मुद्दाम प्रोग्रॅम गोठवून सात वेळा तपासलं.

रेक्टर मॅडमना आम्ही तिघींनी दोन दिवसांनी जाऊन सगळं सांगितलं, रिलेसकट. त्या रागावल्या, मग मामांना बोलावून त्यांनी सॉरी म्हटलं. पण मामांना जिन्यात बोलणाऱ्या आपण साठ-सत्तरजणी होतो आणि तिथे कुणीच काही म्हटलं नाही. म्हणून हा लेख मॅगझिनमध्ये. मामा, त्या दिवशी तुम्ही झोपला होतात, पण जागं राहायचं काम माझ्या प्रोग्रॅमचं होतं. मनापासून माफी मागते.

लेख छापायला देण्याआधी मी तो मामांना वाचून दाखवला. कॅश, -ओ३, यूनिकोड सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एकच विचारलं, "ताई, आता तो डबा झोपत नाही ना?"

नाही, मामा. आणि झोपला तर आठ सेकंदांत उठतो.